जुन्या गाडीचा स्टीअरिंग शाफ्ट: खेळ शोधणं, दुरुस्ती आणि बदली

नागपुरात सिमेंटचे रस्ते झाल्यापासून जुन्या गाडीचं स्टीअरिंग ढिलं झालंय का, हे रस्ताच सांगू लागला आहे. डांबरी रस्त्यावर जो आवाज खड्ड्यांच्या गोंगाटात हरवायचा, तो सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधल्या जोडावर नेमका ऐकू येतो. ताशी तीस-चाळीसच्या वेगात दर जोडाला तळहातात ‘टक्’ असा बारीक झटका जाणवत असेल, किंवा गाडी सरळ ठेवायला स्टीअरिंग सारखं इकडे-तिकडे हलवावं लागत असेल, तर स्टीअरिंग व्हीलपासून पुढच्या चाकांपर्यंत कुठेतरी खेळ, म्हणजे जोडातली ढिली हालचाल, आलेला आहे.

गॅरेजला गेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘रॅक गेला’ (रॅक म्हणजे चाकं वळवणारी, डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी) किंवा ‘शाफ्टच बदलावा लागेल साहेब’. दोन्ही कधीकधी खरं असतं. पण शाफ्ट म्हणजे शेवटी पोलादी दांडा, आणि दांडा स्वतः क्वचितच झिजतो. झिजतात ते त्याच्या टोकाचे दाते, मधला युनिव्हर्सल जॉइंट (दोन शाफ्ट कोनात असले तरी फिरणं पुढे नेणारा सांधा) आणि शाफ्टला आधार देणारा बुश. त्यामुळे या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ पाना हातात न घेता, नुसतं बघण्यात आणि चाचपण्यात गेला पाहिजे.

पुढचं सगळं मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ ही गाडी बनत होती, एमएच ३१ च्या पाट्या लावून ती अजूनही गल्लोगल्ली उभी दिसते, आणि तिची रचना साधी आहे. जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपबद्दल जिथे वेगळं आहे तिथे सांगतो. गाडीला एअरबॅग असेल तर मात्र हे काम घरी करू नका. तिथे स्टीअरिंगखाली गुंडाळीसारखी वायर असते, ती तुटली की खर्च शाफ्टच्या कितीतरी पुढे जातो, आणि चुकून एअरबॅग उघडली तर इजा होते.

रचना थोडक्यात

स्टीअरिंग व्हीलच्या खाली कॉलमची नळी असते. तिच्या आतून वरचा शाफ्ट जातो आणि नळीच्या दोन्ही टोकांना तो बुशवर किंवा बेअरिंगवर फिरतो. तिथून पुढे पॅडलच्या जवळ, फरशीतून बाहेर पडताना युनिव्हर्सल जॉइंट असलेला छोटा खालचा शाफ्ट लागतो. तो थेट रॅकच्या पिनियनवर, म्हणजे रॅकला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या दांड्यावर, बसतो. जोड सगळीकडे एकाच पद्धतीचा: शाफ्टच्या टोकाला दाते, त्यावर फट असलेली जॉइंटची कडी, आणि फट आवळणारा एक बोल्ट. हा बोल्ट शाफ्टवरच्या आडव्या खाचेतून जातो. म्हणजे बोल्ट थोडा सैल झाला तरी शाफ्ट निसटत नाही, पण दाते एकमेकांवर आपटायला लागतात. दात्यांची झीज होते ती बहुतेक वेळा इथून. वर्षानुवर्षांच्या वापरापेक्षा काही महिने सैल राहिलेला बोल्ट जास्त नुकसान करतो.

खेळ मोजा

गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन बंद. टायर जमिनीवरच हवेत. पुढची चाकं जॅकवर घेतली की ती मोकळी फिरतात आणि खेळ लपतो. स्टीअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेजारी डॅशवर पट्टी धरा आणि दोन बोटांनी व्हील डावीकडे-उजवीकडे हलवा. टायर हलायला लागेपर्यंत कड किती सरकते ते पाहा. सुझुकीच्या या पिढीच्या गाड्यांना ० ते ३० मिलिमीटर खेळ चालतो.

इथे कायद्याचा आकडाही पाहण्यासारखा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ म्हणतो की स्टीअरिंगचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. स्टीअरिंगचा व्यास ३७ सेंटिमीटर धरला तर कडेवर ३० मिलिमीटर म्हणजे जेमतेम ९-१० अंश होतात, आणि ३० अंश म्हणजे जवळजवळ १० सेंटिमीटर! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा आरटीओत पास झाली म्हणून स्टीअरिंग ठीक आहे असं समजू नका. कायद्याची मर्यादा ही गाडी रस्त्यावरून काढून घेण्याची मर्यादा आहे.

आता खेळ कुठे आहे ते शोधा

यासाठी दुसरं माणूस लागतंच. घरातल्या कुणालाही व्हील हळूहळू, खेळापुरतंच हलवायला बसवा. तुम्ही ड्रायव्हरच्या पायाशी टॉर्च घेऊन आडवे व्हा. कार्पेट मागे करा आणि जॉइंटवरचं आवरण काढा.

एका हाताची बोटं जॉइंटच्या वरच्या बाजूला, दुसऱ्याची खालच्या बाजूला ठेवा. वरचा भाग हलला आणि खालचा क्षणभर उशिरा हलला, तर खेळ जॉइंटमध्ये. अजून बारकाईने पाहिलं तर क्रॉस (जॉइंटच्या मधला अधिक चिन्हासारखा तुकडा) आपल्या कपात हलतोय की कडी दात्यांवर हलतेय, हेही दिसतं. दात्यांवर हलत असेल तर आधी बोल्ट तपासा. तो हाताने फिरत असेल तर रोग सापडला, फक्त तो किती पसरलाय ते अजून ठरायचं आहे. त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर काढू नका.

जॉइंट आणि पिनियन एकदम हलतात पण टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा) उशिरा हलतो, असं असेल तर रॅक किंवा रॅक धरणारे रबर बुश. टाय रॉड हलतो पण टायर नाही, तर टाय रॉड एंड. शाफ्टचा यात काही दोष नाही, आणि हे आज ओळखलं तर एका अनावश्यक पार्टाचे पैसे वाचले.

मग स्वतः सीटवर बसा आणि व्हील वर-खाली ढकला. फिरवायचं नाही, नुसतं उचलायचं-दाबायचं. तिथे खडखड वाजलं तर कॉलमचा बुश गेला. नागपुरात हे जास्त का दिसतं याचं माझं उत्तर साधं आहे: उन्हात उभी राहणारी गाडी. मे महिन्यात बाहेरच ४५ अंशांच्या वर पारा जातो, बंद गाडीत डॅशखाली त्याहून बरंच जास्त. त्या उष्णतेत बुशचं ग्रीस सुकतं आणि प्लास्टिक, रबर कडक होऊन चिरतं.

उलटा प्रकारही असतो. खेळ नाही, पण स्टीअरिंग जड आहे आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. पुढची चाकं जॅकवर घेऊन गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, मागच्या चाकांना विटा लावा, आणि व्हील सावकाश फिरवा. एका फेऱ्यात दोनदा, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने अडखळल्यासारखं लागलं तर क्रॉसची सुईबेअरिंग गंजून आखडली आहेत. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढलेली असेल, किंवा फरशीवरचं आवरण फाटून कुठेतरी हरवलं असेल, तर हे हमखास. स्प्रे मारून तो जॉइंट आठ दिवस मोकळा होतो. मिस्त्री तेवढंच करून देतो आणि आपण खूश होऊन परत येतो.

जिप्सीत स्टीअरिंग बॉक्सजवळच्या शाफ्टवर रबराची चकती असलेला कपलिंग जोड आहे. तिच्यावर मे महिन्यातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगा दिसल्या की बदला, खेळ किती आहे ते मोजत बसू नका. जुन्या सीजे जीपमध्ये चित्र निराळंच: तिथे कॉलममधून येणारा लांब शाफ्ट आणि स्टीअरिंग बॉक्समधला कॅम (चाकं वळवणारा दांडा सरकवणारा, आटे असलेला भाग) हा एकच अखंड भाग असतो. खेळ कॅममध्ये असेल तर आधी बॉक्सचं ॲडजस्टमेंट पाहायचं आणि नाहीच जमलं तर बॉक्स उतरवायचा. ते काम जीपच्या जाणकार मिस्त्रीचं.

सामान

१० आणि १२ नंबरचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, त्याच मापाचे रिंग पाने, टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळणारा), तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरा रंग किंवा करेक्शन पेन, मोठा चपटा स्क्रू ड्रायव्हर, व्यास मोजायला व्हर्निअर, ग्रीस. नवे बोल्ट. जुना बोल्ट चांगला दिसला तरी तो परत लावू नका, आणि नवा घेताना हार्डवेअरच्या दुकानातला मिळेल तो बोल्ट नको. याचा मधला गुळगुळीत भाग खाचेत नेमका बसावा लागतो आणि पोलाद वरच्या प्रतीचं असतं. पार्टच्या दुकानातून त्या गाडीचाच बोल्ट मागा.

टॉर्क पाना बहुतेकांकडे नसतो. ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा.

उघडताना

काम सकाळी लवकर सुरू करा. एप्रिलनंतर दहा वाजले की पत्र्याच्या खाली डोकं घालून पडून राहणं नको होतं, आणि घामेजल्या हाताने माणूस घाई करतो.

आदल्या रात्री बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पुढची चाकं अगदी सरळ करा, व्हीलही सरळ, आणि व्हील सीटच्या फ्रेमला दोरीने बांधून टाका. स्टीअरिंग लॉकच्या भरवशावर राहू नका. लॉक जिथे पडतो ती जागा मधोमध असेलच असं नाही.

आता खुणा. करेक्शन पेनने एक सरळ रेघ वरच्या शाफ्टवरून जॉइंटवर, दुसरी जॉइंटवरून पिनियनवर. दोन जॉइंट असतील तर मधल्या शाफ्टवरही. क्रॉस धरणाऱ्या त्यांच्या दुशाखी टोकांचा एकमेकांशी कोन ठरलेला असतो आणि तो बदलला की स्टीअरिंग एका फेऱ्यात कधी हलकं, कधी जड लागतं. मोबाइलवर दोन-चार फोटोही काढून ठेवा, पण रेघेला पर्याय नाही.

खालचा, पिनियनकडचा बोल्ट आधी सैल करा, मग वरचा. दोन्ही पूर्ण बाहेर काढा. बोल्ट खाचेत असतो म्हणून नुसता सैल करून कडी सरकत नाही, आणि सरकत नाही म्हणून लोक हातोडा उचलतात. हातोडा मारायचा नाही. बऱ्याच गाड्यांचा शाफ्ट किंवा कॉलम अपघातात आत दुमडावा म्हणून दोन तुकड्यांत, बारीक प्लास्टिकच्या पिनांवर जोडलेला असतो. टोकावर दणके बसले की त्या पिना तुटतात, शाफ्ट लांबीत ढिला होतो आणि तुम्ही दुरुस्त करायला निघालेल्या खेळात एका नव्या खेळाची भर पडते. त्याऐवजी कडीच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच पिळा, फट केसभर उघडते. जॉइंट हाताने हलवत वर ओढा.

जागा कमी पडत असेल तर डॅशखाली कॉलम धरणारे बोल्ट सैल करून कॉलम थोडा खाली घ्या. पूर्ण काढला तर तो इग्निशनच्या वायरींवर लोंबकळतो, म्हणून खाली उशी किंवा सीटचा आधार द्या. जॉइंट निघाल्यावर बांधलेली दोरी सोडू नका आणि पुढची चाकंही हलवू नका.

हातात घेतल्यावर

सगळं ब्रशने आणि थोड्या पेट्रोलने पुसून उजेडात पाहा. बाहेर, मोकळ्या हवेत. आसपास विडी-सिगारेट नको.

दाते: चांगल्या दात्यांचा माथा सपाट आणि सारखा असतो. एका बाजूने धारदार झालेले, चमकणारे किंवा आडवे वळलेले दाते म्हणजे शाफ्ट बाद. नव्या जॉइंटची कडी झिजलेल्या शाफ्टवर चढवली तर बोल्ट आवळल्यावर आज घट्ट वाटेल, पण पकड मोजक्या दात्यांवरच राहील.

खाच: बोल्ट जिथून जातो तिथे धार गोल झाली असेल किंवा पायरी पडली असेल तर तोच निकाल. क्रॉस: चारही बाजूंना हलवून पाहा. जरासाही खेळ किंवा अडखळणं म्हणजे जॉइंट बदला. क्रॉस वेगळा घालता येतो का, असा प्रश्न येतो. या छोट्या जॉइंटचे कप बहुधा कारखान्यात ठोकून बंद केलेले असतात, आणि ते उघडून परत ठोकलेले कप स्टीअरिंगमध्ये मला तरी नकोत.

वाकलाय का हे पाहायला शाफ्ट जाड काचेवर किंवा कोट्याच्या फरशीवर गडगडवा, खालून उजेड दिसतो का पाहा. वाकलेला शाफ्ट प्रेसवर सरळ करायचा नाही.

पिनियनचे दातेही न विसरता तपासा. तेच झिजलेले असतील तर रॅक उतरवावा लागणार, आणि नुसता शाफ्ट बदलणं वाया जाईल.

दुरुस्ती म्हणून जे चालतं ते एवढंच: कॉलमचा बुश किंवा बेअरिंग बदलणं, ग्रीस भरणं, फरशीवरचं आवरण नवं लावणं, दाते शाबूत असतील तर नवा बोल्ट योग्य ताकदीने आवळणं. न चालणाऱ्या दोन गोष्टी मात्र सर्रास होतात. एक, दात्यांत पत्र्याची पातळ पट्टी घालून कडी घट्ट करणं. पत्रा दबतो, सरकतो, आणि खेळ परत येतो तो आधीपेक्षा वाईट. दुसरी, वेल्डिंग. जॉइंट शाफ्टला वेल्ड केला की खेळ त्या क्षणी शून्य होतो, म्हणून गिऱ्हाईक समाधानी. पण हे पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेलं असतं. वेल्डच्या कडेला ती प्रक्रिया मोडते, तिथे ठिसूळ पट्टा तयार होतो आणि रोजच्या पिळण्याने तडा वाढत जातो. टाय रॉडचा आवाज आधी येतो, वेल्ड तुटतो तेव्हा आधी काही कळत नाही. व्हील हातात गोल फिरतं आणि गाडी तिच्या मनाने जाते.

पार्ट आणताना

जुना तुकडा पुसून सोबत न्या. कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकाकडे असो किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानात, काउंटरवर नुसतं ‘८०० चा शाफ्ट द्या’ म्हणू नका. तीस वर्षांत मॉडेलं बदलली. दोन्ही शेजारी ठेवून दात्यांची संख्या मोजा, टोकाचा व्यास व्हर्निअरने घ्या, एका बोल्टच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी जुळवा. नव्या पार्टचा क्रॉस दुकानातच हलवून पाहा. नवाच पार्ट खेळासकट येण्याचे प्रसंग असतात. कंपनीचा पार्ट मिळत असेल तर इथे पैसे वाचवू नका. सीट कव्हरात वाचवा.

कबाड्याकडचा जुना पार्ट? अपघातग्रस्त गाडीतला असेल तर नाही. बाकी वर दिलेल्या सगळ्या तपासण्या त्याच्यावरही करायच्या आणि मगच.

हिंगणा एमआयडीसीत हात चांगला असलेले लेथवाले आहेत, ते दाते कापून नवा शाफ्ट बनवून देतो म्हणतील. पार्टच मिळत नाही अशा जुन्या जीपसाठी हा मार्ग विचारात घेता येतो, पण मिश्रधातूच्या पोलादाचा, एकसंध, योग्य हीट ट्रीटमेंट केलेला आणि कुठेही न जोडलेला असेल तरच. मारुतीसाठी त्याची गरज नाही.

बसवताना

दात्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात, गंज धरू नये एवढाच. जुन्या जॉइंटवरची रेघ मोजून नव्यावर काढा. आधी खालची कडी पिनियनवर, मग वरची शाफ्टवर. कडी पूर्ण आत गेली की भोक आणि खाच समोरासमोर येतात आणि बोल्ट बोटांनी आत सरकतो. सरकला नाही तर ठोकू नका, कडी एक-दोन मिलिमीटर वर राहिली आहे. ठोकून घातलेला बोल्ट खाचेची धार खातो.

दोन्ही बोल्ट हाताने लावून घ्या. खालचा आधी आवळा, मग वरचा. सुझुकीच्या या जोडाचा टॉर्क २५ न्यूटन-मीटर आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा घ्या. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून कडीवर रंगाची रेघ ओढा. पुढच्या वेळी नुसत्या नजरेने कळेल तो फिरला का.

कॉलमचे बोल्ट आवळा, आवरण लावा, आणि क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर तिन्ही पॅडल पूर्ण दाबून पाहा. कार्पेटची घडी पॅडलखाली राहणं ही या कामातली सगळ्यात मूर्ख आणि सगळ्यात धोक्याची चूक. बॅटरी जोडा, हॉर्न वाजवा, इंडिकेटर वळणानंतर परत येतो का पाहा.

रस्त्यावर जाण्याआधी

चाकं जॅकवर घेऊन व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधल्या स्थितीपासून डावीकडे जेवढे फेरे, तेवढेच उजवीकडे यायला हवेत. मग चाकं खाली, खेळ पुन्हा मोजा.

गाडी सरळ चालताना व्हील वाकडं राहिलं तर जॉइंट एक-दोन दाते चुकून बसला. ३६ दाते असतील तर एक दात म्हणजे १० अंश. जॉइंट काढून परत बसवणं कंटाळवाणं आहे खरं, पण तेच करा. अलाइनमेंटवाला टाय रॉड फिरवून व्हील सरळ करून देईल, त्याने दिसायला सरळ होतं आणि रॅक मात्र कायमचा एका बाजूला सरकलेला राहतो. नुसता शाफ्ट बदलला असेल तर चाकांचं अलाइनमेंट मुळात हललेलंच नसतं.

पहिली चक्कर रविवारी सकाळी, हिंगणा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांसारख्या कमी वर्दळीच्या जागी, ताशी वीसच्या आत. दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, स्पीडब्रेकरवरून सावकाश न्या, ब्रेक मारून पाहा. ‘टक्’ गेला पण तोच आवाज चाकाकडून येतो आहे असं वाटलं तर स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या स्प्रिंग-शॉकअबच्या) वरचं माउंट आणि रॅकचे बुश पुढच्या रविवारी. वर्धा रोडला जायचं ते यानंतर.

शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर कार्पेट पुन्हा मागे करा. बोल्टवरची रेघ तुटलेली नसेल तरी टॉर्क पाना एकदा लावून पाहा. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला, ऑइल गळेपर्यंतच्या वेळात, तेवढं टॉर्च मारून बघितलं तरी पुरतं.